कोंड्याचा विमा

माझ्या मुलीला हाक मारायची आमच्या घरात एकच रीत होती. मागच्या दारात उभं राहायचं आणि कुत्र्याला सांगायचं, "कोंड्या, वैशूला आण."

तो उठायचा, अंग झाडायचा आणि निघायचा. बांधावरून, करवंदीच्या जाळीला वळसा घालून, ती असेल तिथं. भुंकायचा नाही. भुंकून उपयोग नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानंच ओळखलं होतं. तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. मग ती करवंट्या, चिंचोके जिथल्या तिथं टाकून उठायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून घरी यायची.

वैष्णवी अडीच वर्षांची होईपर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं. मुलगी शांत आहे, शहाणी आहे, असं सगळे म्हणायचे, आणि मीही ते कौतुक म्हणून ऐकून घ्यायचे. पदवी घेतलेली बाई मी, पण ताट पडलं तरी पोर दचकत नाही याचा अर्थ मला लागला नाही. पुढे कल्याणला तपासण्या झाल्या, मशीन मिळालं. मशीन लावलं की तिला थोडं ऐकू येतं, माणसाच्या ओठांकडे बघून ती बरंच समजून घेते, आणि सावकाश, नाकातून का होईना, बोलते. पण ते मशीन शाळेपुरतं. मातीत, घामात ते बिघडतं, म्हणून दुपारी डबीत.

आमचं घर गावाच्या टोकाला. मागे भाताची खाचरं, त्यापुढं भातसा धरणाचा कालवा. कालवा किती लांब, असं कुणी विचारलं की आमच्याकडे सांगतात, हाकेच्या अंतरावर. हे ऐकलं की मी मागच्या दारात जाऊन वैशू कुठं दिसते ते बघायचे.

कोंड्या आमच्याकडे आला तो भातसानगरच्या एका इंजिनीअर साहेबांची बदली झाली तेव्हा. माझा नवरा हरेश त्यांच्या क्वार्टरचं सामान ट्रकमध्ये भरायला गेला होता आणि येताना कुत्रा घेऊन आला. जातिवंत लॅब्रेडॉर. "चार वर्षांचा आहे, मुलांमध्ये वाढलाय," असं त्याला सांगितलं होतं. सासूबाई, म्हणजे जनाबाई, पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याचा रंग गिरणीतल्या कोंड्यासारका हाय." झालं, नाव पडलं.

दोन वर्षं सुखात गेली. मग २००६ च्या मार्गशीर्षात त्याला गोचिडांचा ताप आला. त्या दुपारी मी नेहमीसारखं म्हटलं, "कोंड्या, वैशूला आण." त्यानं मान उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि मान परत खाली ठेवली.

मी धावले. अनवाणी, खाचरातल्या कापलेल्या भाताच्या सडांवरून. "वैशू, वैशू" ओरडत धावले, ओरडून काही होणार नाही हे माहीत असताना. ती कालव्याच्या पायऱ्यांवर बसली होती. शेवटून दुसऱ्या पायरीवर. पळसाची पानं धूत होती, एकेक पान नीट चोळून, आणि पाठ माझ्याकडे होती. मी मागून धरलं तेव्हा ती इतकी दचकली की आम्ही दोघी पाण्यात पडता पडता वाचलो.

कोंड्या चार दिवसांत बरा झाला. मी झाले नाही. तो गेला तर? त्याच महिन्यात पलीकडच्या पाड्यावरून बिबट्यानं दोन कुत्री उचलली होती. मुरबाड रस्त्यावर खडीचे डंपर वाढले होते. बांधावर घोणस तर नेहमीचीच. मी जेवताना, भांडी घासताना कोंड्याचे मृत्यू मोजू लागले.

म्हणून कमळू भावोजी रविवारी आले तेव्हा मी चहा ठेवायच्या आधीच विचारलं, "भावोजी, कुत्र्याचा विमा असतो का हो?"

कमळू भावोजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. शहापूर तालुक्यात माणसांचे, मोटरसायकलींचे आणि म्हशींचे विमे उतरवणारे. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि गंभीर होऊन म्हणाले, "असतो वहिनी. पण आजवर कुणी मागितला नाय."

हरेश पोट धरून हसला. "हिनं माझा उतरवला नाय अजून."

"तू कुठं कुनाला बोलवायला जातोस?" सासूबाई आतून म्हणाल्या. "घरातला रॉकेलचा डबा संपला तरी हलत नाय तू."

पुढच्या रविवारी भावोजींनी दोन कागद आणले. मी पेन्सिल घेऊन बसले. बारीक अक्षरातलं आधी वाचायचं ही माझी कॉलेजपासूनची सवय. पहिली पॉलिसी साधी होती. आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंतचा कुत्रा, ढोरांच्या डॉक्टरांचा दाखला, समोरून आणि बाजूनं फोटो. आजारानं किंवा अपघातानं मेला तर ठरलेली रक्कम. दुसरी महाग होती, पण तिच्यात चोरी होती, हरवणं होतं, कुणाला चावला तर त्याची भरपाईही होती. तिला मात्र कुत्र्याच्या आईबापांचा नोंदलेला कागद लागत होता.

"तो काय आपल्याकडे नाय," भावोजी म्हणाले. "आपल्याकडे माणसांचे जातीचे दाखले निघता निघत नायत."

"आणि उपचारांचा खर्च? आजारी पडला तर?"

"ते कशातच नाय. मेल्यावर मिळतं."

"मेल्यावर मिळून काय करायचं?"

"नवीन घ्यायचा की. हाच रंग बघून घेऊ."

फॉर्मवर एक रकाना होता, कुत्रा कशासाठी पाळला आहे. राखणीसाठी, प्रदर्शनासाठी, पैदाशीसाठी, हौसेसाठी. चारांपैकी एकावर खूण करायची. पेन्सिल तिथं कितीतरी वेळ थांबली. शेवटी मी राखणीवर खूण केली. अगदीच खोटं नव्हतं ते.

मेल्यावर मिळणाऱ्या पैशानं काही होणार नाही, हे मला कळत होतं. पण भीतीला काहीतरी हातात धरायला लागतं. देवाचा अंगारा असतो, तसा मला तो शिक्क्याचा कागद हवा होता. मी पहिली पॉलिसी निवडली.

सासूबाईंनी त्या रात्री मला जेवू दिलं नाही, म्हणजे बोलूनच. "कानाला बिल्ला मारतील गो त्याच्या. माज्या कपिलेला मारलेला. बँकेनं लावलेला इमा. मेली तवा पंचनामा करायला मानसं आली नि बिल्ल्यासकट कान कापून घेऊन गेली. पुरावा म्हनं. बिनकानाची पुरली मी तिला. ह्याला नाय मारू द्यायची."

"अहो आई, कुत्र्याला बिल्ला नसतो. फोटो लागतात फक्त."

"आदी असंच सांगतात."

वैशूचं मत नेमकं उलट निघालं. दाखल्यासाठी आम्ही शहापूरच्या ढोरांच्या दवाखान्यात गेलो, मी, ती, भावोजी आणि कोंड्या, टमटममध्ये. दवाखान्याच्या आवारात लोखंडी खोड्यात एक म्हैस उभी होती, कानात पिवळा बिल्ला. वैशूनं म्हशीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानातल्या मशीनला हात लावला. "हिलापण ऐकू नाही येत?"

"येतं गं. तो तिचा नंबर आहे."

तिला पटलं नाही. तिनं म्हशीच्या समोर जाऊन, तिला ओठ दिसतील अशा बेतानं, मोठं तोंड करून सावकाश विचारलं, "तुझं नाव काय?" म्हशीनं कान हलवला. खोड्याशी उभा असलेला म्हशीचा मालक हसता हसता एकदम थांबला आणि म्हणाला, "चंद्री. चंद्री नाव हाय बाय तिचं." आणि तेही त्यानं वैशूकडे तोंड करून, सावकाश सांगितलं. मला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले.

डॉक्टर तरुण होते. दिवसभर म्हशींच्या पोटात हात घालून दमलेले. कोंड्याला बघून खूश झाले. त्यांनी त्याचं पोट दाबलं, छाती ऐकली, मग विचारलं, "वय?"

"सहा," मी म्हटलं.

त्यांनी कोंड्याचा ओठ वर करून दात पाहिले. बॅटरीनं डोळे पाहिले. मग पुन्हा दात. "सहा कोण म्हणालं?"

"ज्यांच्याकडून आणला त्यांनी चार सांगितलं होतं. त्याला दोन वर्षं झाली."

"त्यांनाही कुणी सांगितलं असेल," ते म्हणाले. त्यांनी कोंड्याचं तोंड दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवलं. "हे पांढरं बघितलंत?"

नाकाभोवती, हनुवटीला, डोळ्यांच्या वर. रोज बघत होते मी. लॅब्रेडॉरचं तोंड असंच असतं, असं मला वाटलं होतं. मी दुसरा लॅब्रेडॉर पाहिला होता कुठं?

"डोळ्यांत निळसर झाक आहे. सुळे झिजलेत. नऊ तर नक्की. दहासुद्धा असेल."

भावोजी पुढं झाले. "डॉक्टर, सात टाका ना. आठपर्यंत चालतं. दात काय हो, हाडं खाऊन झिजले असतील."

डॉक्टरांनी पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम?"

मला आठवतं, वैशू तेव्हा कोंड्याच्या मानेत बोटं घालून गोचिडं शोधत होती. सासूबाईंनी शिकवलं होतं तिला. आणि तो डोळे मिटून, मान तिच्याकडे कलती करून उभा होता.

सात लिहिलं असतं तर कागद झाला असता. पण मी माझ्या स्वभावाला ओळखते. एकदा शिक्का बसला की मीही सातच धरून चालले असते. सात, मग आठ, मग नऊ, असं निवांत मोजत राहिले असते, आणि एक दिवस दारात उभी राहून, "कोंड्या," म्हणाले असते.

"किती वर्षं आहेत त्याच्याकडे?" मी विचारलं.

"दोन. नीट ठेवलात तर तीन. वजन कमी करा. भात कमी."

"आहे ते वय लिहा."

"मग पॉलिसी होणार नाही."

"नको होऊ दे."

परतीच्या वाटेवर आसनगावचा फाटा गेला तेव्हा भावोजी म्हणाले, "वहिनी, तुमच्यासारकी गिऱ्हाइकं असली तर माजी पोरं उपाशी मरतील." मग खाली वाकून कोंड्याचं डोकं थोपटलं आणि तिथंच हात ठेवून बसले.

घरी सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. आधी त्यांनी कोंड्याचे दोन्ही कान उलटे करून तपासले. "नाय मारला?"

"नाही. विमाच होत नाही त्याचा. म्हातारा आहे तो, आई. नऊ-दहा वर्षांचा."

"ते मला ठावं हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी पन म्हातारी हाय गो. बसतो कसा बघ. आदी फुडचं खाली, मग थांबायचं, मग मागचं, मग हुस्स. मी तसंच बसते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कदी? तू आपली कागद वाचत बसलेली."

मी खांबाला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. इतके दिवसांचं साचलेलं. तो गेला की मी काय करू, पोर कालव्यावर जाते, मी किती ओरडू, कुणाला ओरडू, असं काहीबाही बोलत होते. सासूबाई वाल सोलत राहिल्या. माझं ओसरल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"नवा गोऱ्हा नांगराला कसा लावतात, बघितलंस कदी? तू कल्यानात वाडलेली, तू काय बघनार. दोन गोऱ्हे एकत्र नाय जुंपायचे. जुन्या बैलाच्या शेजारी एक जुंपायचा. जुना वळला का नव्याला वळावंच लागतं. मानूस बोंबलून शिकवत नाय, बैल शिकवतो. तुजा जुना अजून उबा हाय ना? मग रडतेस कशाला? नवा आन."

"दुसरा लॅब्रेडॉर कुठून आणू मी?"

"लाब्राडाराचं काय घेऊन बसलीस. आनायचं हाय ते मानसाला. लखमाच्या कुत्रीला पोरं झालीत."

लखमा आणि रखमी वरच्या ठाकूरवाडीत राहतात. लावणीला आमच्या खाचरात येतात, एरवी कंद, मध, मोहाची फुलं विकतात. त्यांच्या झोपडीमागे पाच पिल्लं लोळत होती. मी पाकीट उघडलं तर रखमी चिडली.

"कुत्रं इकत नाय आमी. इकलेलं कुत्रं घर धरत नाय."

मग तिनं सूप पुढं केलं. सासूबाईंनी बरोबर दिलेले शेरभर तांदूळ मी त्यात ओतले आणि तिनं वैशूला म्हटलं, "घे तुला कुटला हवा त्यो." वैशूनं पाचही पिल्लांच्या समोर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. चार तिच्या फ्रॉकला झोंबली. एक काळं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं, मागे बसून तिच्याकडे बघत राहिलं. तिनं ते उचललं. नाव तिनंच ठेवलं, चंद्री. तो कुत्रा आहे, असं हरेशनं तिला दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

माघापासून आम्ही जुंपणी सुरू केली. सासूबाईंनी सुंभाची हातभर दोरी वळली, एक टोक कोंड्याच्या पट्ट्याला, दुसरं चंद्रीच्या गळ्यात. "कोंड्या, वैशूला आण," म्हटलं की कोंड्या निघायचा आणि चंद्री त्याच्यामागे कधी चालत, कधी घसपटत, कधी दोरीत पाय अडकून उलटा. गाव बघायला यायचं. "काय हरेश, नांगरट कदी?" कुणीतरी विचारायचं. चंद्री दोरी चावायचा, कोंबड्या दिसल्या की कोंड्यालाच ओढायचा. कोंड्या थांबायचा, त्याचं होऊ द्यायचा, आणि पुन्हा चालू लागायचा. एवढा धीर माझ्यात असता तर मी वैशूला चार शब्द जास्त शिकवू शकले असते.

होळीनंतर दोरी सोडली. पहिल्या दिवशी चंद्री आधी पोचला, वैशूभोवती चार चकरा मारल्या, करवंटी पळवली. तिला वाटलं खेळायला आलाय. कोंड्या मागून सावकाश गेला, समोर उभा राहिला, तेव्हा ती उठली. असं आठ-दहा दिवस चाललं. मग एकदा मी पाहिलं, कोंड्या उभा आहे आणि त्याच्या बाजूला, तस्साच, चंद्रीही उभा आहे, तोंड वर करून.

चैत्रातली दुपार होती. ऊन असं की बांधावरची माती पांढरी दिसत होती. वैशू कालव्याच्या अलीकडच्या आंब्याखाली होती. मी दारात येऊन म्हटलं, "कोंड्या, वैशूला आण."

कोंड्या उंबऱ्याशी पडला होता. त्यानं पुढचे पाय टेकले, अंग अर्धं उचललं, आणि तसाच थांबला. मग परत खाली बसला. हुस्स.

मी धावत सुटणारच होते. सासूबाईंनी माझा हात धरला. "थांब."

"आई, ती..."

"थांब म्हनते ना. बोलू पन नको."

ओसरीखालून चंद्री बाहेर आला. कोंड्याकडे गेला, त्याच्या तोंडाला नाक लावलं. माझ्याकडे पाहिलं. मग निघाला. मध्ये कोंबडी होती, तिच्याकडे मान वळली, तेवढीच. बांध, जाळी, वळसा. मला तो दिसेना. मी मोजत होते, काय मोजत होते कुणास ठाऊक. सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, तेव्हा मला कळलं की त्याही घाबरल्या आहेत.

जाळीमागून आधी वैशूचं डोकं दिसलं. मग तिचा हात, खाली काळ्या पाठीवर टेकलेला. तो टेकवायला ती तिरकी झाली होती, कारण चंद्री अजून बुटका होता.

ती आली, पण आमच्याकडे बघितलंच नाही. सरळ उंबऱ्याशी जाऊन कोंड्याच्या समोर बसली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान वर करून माझ्या ओठांकडे पाहिलं. "कोंड्या का नाही आला?"

तिला खोटं सांगता येत नाही. ऐकणाऱ्या मुलांना शब्दांनी फसवता येतं, ही चेहरा वाचते.

मी तिच्यासमोर बसले. "तो म्हातारा झालाय, वैशू. त्याचे पाय दुखतात. तिथपर्यंत लांब पडतं त्याला."

तिनं आंब्याकडे पाहिलं, मग कोंड्याच्या पायांकडे. मग उठली आणि पुन्हा चालू लागली, बांधावरून, त्या उन्हात. चंद्री तिच्या मागे. मी हरेशची जुनी छत्री घेऊन मागून निघाले तर ती परत येताना भेटली. फ्रॉकच्या ओच्यात करवंट्या, चिंचोके, फुटक्या बशीचे तुकडे, सगळा संसार. तिनं तो मागच्या दाराशी, शेवग्याखाली, कोंड्यापासून चार हातांवर उपडा केला.

"इथं खेळते," ती म्हणाली. "इथून त्याला जवळ."

आणि पाठ आमच्याकडे करून चूल मांडायला लागली. कोंड्यानं डोळे उघडून पाहिलं, आणि शेपटी जमिनीवर एकदा आपटली.

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "दोन महिने जुंपला त्या काळ्याला. आता तो आननार कुनाला?"